अनोळखी माणसांच्या गावातले लॉज

२३ सप्टेंबर १८६२ची रात्र. रॉकी पर्वतातल्या मलन खिंडीत गाड्यांचा एक तांडा मुक्कामाला थांबला होता. जूनमध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलहून निघालेले हे लोक कॅप्टन जेम्स फिस्कच्या मागोमाग महिनोन्‌महिने पश्चिमेकडे चालले होते. सोने आहे, एवढे त्यांना ऐकून ठाऊक होते. नेमके कुठे, ते नव्हते. तळ शांत झाल्यावर तिघे जण उठले आणि खिंडीच्या माथ्यावर चढून गेले. नॅथानिएल लँगफर्ड, जॉर्ज चार्लटन आणि जॉर्ज गीअर. तिघेही फ्रीमेसन. तिथे उघड्यावर, ना छत ना भिंत, त्यांनी मास्टर मेसनचे लॉज विधिपूर्वक उघडले आणि विधिपूर्वक बंद केले. पुढे ज्याला मोंटाना म्हणू लागले त्या प्रदेशातली फ्रीमेसनांची ही पहिली नोंदलेली बैठक.

या विधीचा तांड्याला काय उपयोग, असे कुणी विचारले असते तर त्या रात्री उत्तर देणे अवघडच होते. दीडेक महिन्याने ते सोपे झाले.

जॉन व्हाइट नावाच्या एका खाणवाल्याला २८ जुलै १८६२ला ग्रासहॉपर खाडीच्या रेतीत सोने सापडले होते. बातमी फुटायचा अवकाश, खाडीकाठी तंबू, ओंडक्यांच्या खोपी आणि दारूचे गुत्ते उभे राहिले. तिथल्या मूळ बॅनॉक जमातीच्या नावावरून वस्तीला बॅनक हे नाव पडले. थंडी सुरू होताना तिथे चार-पाचशे माणसे होती, पुढच्या वसंतात सुमारे तीन हजार. कायद्याच्या दृष्टीने हे गाव कशात मोडते हेही दर वर्षी बदलत होते. १८६२त डाकोटा टेरिटरी, मार्च १८६३पासून आयडाहो, मे १८६४पासून मोंटाना. आयडाहोची राजधानी लुइस्टन डोंगरांपलीकडे शेकडो मैलांवर. न्यायाधीश, तुरुंग, पोलीस सगळे तिकडेच. इकडे देशात यादवी युद्ध पेटलेले, त्यामुळे एका खोपीत उत्तरेचा पक्षपाती तर शेजारच्या खोपीत दक्षिणेचा. कुणी कॅलिफोर्नियात खून करून आलेला, कुणी बायकामुलांना मागे सोडून आलेला. शेजाऱ्याने सांगितलेले नाव खरे की खोटे, हे तपासायची सोय नव्हती. आणि प्रत्येकाच्या कमरेच्या पिशवीत सोन्याची भुकटी, कारण बाजारातले चलन तेच.

अशा गावात नोव्हेंबर १८६२मध्ये विल्यम बेल नावाचा माणूस पहाडी तापाने आजारी पडला. आपल्याला मेसन रिवाजाने पुरावे, एवढीच त्याची शेवटची इच्छा. १२ तारखेला तो गेला. गावातले मेसन शोधण्यासाठी लँगफर्डने निरोप फिरवला तेव्हा फार तर दोन-चार जण येतील अशी त्याची अटकळ होती. लोक येतच राहिले. ठरवलेली खोपी पुरेना, म्हणून मोठी जागा बघावी लागली. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेत ७६ मेसन चालत होते, निरनिराळ्या राज्यांतले, बहुतेक एकमेकांना अनोळखी. रोज त्याच खाडीत, त्याच गुत्त्यात, खांद्याला खांदा लावून वावरणाऱ्या या माणसांना आपण एकाच मंडळीतले आहोत हे बेलच्या मृत्यूमुळे कळले.

फ्रीमेसनरीचा उगम मध्ययुगीन युरोपातल्या पाथरवटांच्या संघांत शोधला जातो. संघटित इतिहास मात्र २४ जून १७१७ला लंडनमध्ये ग्रँड लॉज स्थापन झाले तेव्हापासूनचा. गवंड्याचा गुण्या, कंपास, ओळंबा, कातड्याचा एप्रन ही तिची चिन्हे, पण अठराव्या शतकापासून सभासद होते वकील, व्यापारी, सैन्यातले अधिकारी. नवागत, कारागीर आणि मास्टर अशा तीन पायऱ्या. मंत्रासारखे पाठ केलेले विधी. बाहेर न सांगायची हस्तांदोलने आणि परवलीचे शब्द. हे सारे लंडनच्या सुखवस्तू क्लबात थोडे हास्यास्पदही वाटू शकते, पण बॅनकमध्ये त्याची किंमत वेगळी होती. मेसन व्हायचे तर मूळ गावच्या लॉजमध्ये गुप्त मतदान व्हायचे: पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि एक काळी गोटी पडली तरी अर्ज फेटाळला जाई. म्हणजे ज्याला ते हस्तांदोलन येते त्याला ओहायोतल्या किंवा मिसुरीतल्या वीस-पंचवीस शेजाऱ्यांनी कधीतरी पसंत केलेले आहे. हजारो मैल दूर, ओळखपाळख नसलेल्या जागी तो माणूस आपली पत बरोबर घेऊन फिरत होता, सावकाराच्या हुंडीसारखी. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. युद्धाच्या त्या वर्षांत हा नियमही फार उपयोगाचा ठरला.

अंत्यविधीनंतर बॅनकच्या मेसनांनी नेब्रास्काच्या ग्रँड लॉजकडे रीतसर लॉजची परवानगी मागितली. ती १८६३त मिळालीही. पण खाणगावाचे नशीब कागदाच्या वेगाने चालत नाही. २६ मे १८६३ला बिल फेअरवेदर आणि त्याच्या साथीदारांना सुमारे सत्तर मैलांवरच्या ऑल्डर गल्च या घळीत बॅनकपेक्षाही मोठे घबाड लागले, आणि अर्धे गाव उठून तिकडे धावले. परवानगी असलेले लॉज उघडलेच नाही. व्हर्जिनिया सिटी आणि नेवाडा सिटी ही नवी गावे ऑल्डर गल्चमध्ये वसली, आणि लॉजही तिथेच आधी रुजली.

त्याच मे महिन्यात बॅनकच्या खाणवाल्यांनी शेरीफ निवडला: हेन्री प्लमर. देखणा, मृदुभाषी, नेम अचूक. कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीत तो मार्शल होता आणि तिथेच खुनाबद्दल सान क्वेन्टिनच्या तुरुंगातही जाऊन आला होता. बॅनकमधला पहिला तुरुंग त्यानेच बांधून घेतला. फासाचा खांबही त्यानेच उभारला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला त्याने नव्याने आलेल्या प्रतिष्ठित कुटुंबांना जेवायला बोलावले, त्यासाठी टर्की सॉल्ट लेक सिटीहून मागवली. पाहुण्यांत सरन्यायाधीश म्हणून नेमलेले सिडनी एजर्टन यांच्या घरचे लोक होते आणि त्यांचा वकील भाचा विल्बर फिस्क सँडर्स होता. या सँडर्सने महिन्याभरात काय केले ते पुढे येईलच.

कारण तोवर बॅनक ते व्हर्जिनिया सिटी रस्त्यावर घोडागाड्या लुटल्या जात होत्या, सोने घेऊन निघालेली माणसे नाहीशी होत होती, आणि शेरीफच टोळीचा म्होरक्या असल्याची कुजबुज सुरू झाली होती. लँगफर्डने लिहून ठेवलेला एक किस्सा त्या दिवसांची हवा चांगली दाखवतो. सॅम्युअल हाउझर हा तरुण व्यापारी सोन्याची जड थैली घेऊन बॅनकला निघाला, तर गाडीत प्लमर शेजारी. हाउझरने सगळ्यांदेखत थैली प्लमरच्याच हवाली केली: तुम्ही शेरीफ, तेव्हा हे सुरक्षित पोचवणे तुमचे काम. थैली सुखरूप पोचली. नंतर हाउझर आणि लँगफर्ड सॉल्ट लेककडे निघाले तेव्हा प्लमरने हाउझरला लोकरीचा गळपट्टा भेट दिला, रात्री थंडी असते म्हणून. अंधारात लुटारूंना सावज ओळखू यावे यासाठीच तो दिला, अशी लँगफर्डची खात्री. खरेच तसे होते की शेरीफने थंडीचाच विचार केला होता? गळपट्ट्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण जिथे कुणीच कुणाला ओळखत नाही तिथे गळपट्टाही पुरावा होतो.

डिसेंबरमध्ये ठिणगी पडली. निकोलस टीबोल्ट नावाचा तरुण खेचरे आणायला गेला तो परत आला नाही. थंडीत गोठलेले त्याचे प्रेत सापडले. संशयित जॉर्ज आइव्हज याला ऑल्डर गल्चमधल्या नेवाडा सिटीत आणून भर रस्त्यावर, शेकोट्या पेटवून, तीन दिवस खटला चालला. सरकार पक्षातर्फे उभा राहिला सँडर्स, वय एकोणतीस. शेकडो सशस्त्र बघे, त्यांत आइव्हजचे मित्रही. आरोपी दोषी ठरताच सँडर्सने लगेच फाशीचा ठराव मांडला आणि २१ डिसेंबरच्या रात्री तासाभरात तो अमलात आला. दोन-तीन दिवसांत ऑल्डर गल्चमध्ये गुप्त दक्षता समिती स्थापन झाली. इंग्रजीत जिला व्हिजिलंटी म्हणतात ती. अध्यक्ष पॅरिस फाउट्स, मिसुरीचा दुकानदार, मनाने दक्षिणेच्या बाजूचा. सँडर्स कट्टर उत्तरवादी. दोघे मेसन. युद्धभूमीवर ज्यांनी एकमेकांवर बंदूक रोखली असती असे हे दोघे इथे एकाच शपथेखाली आले. फाउट्स पुढे व्हर्जिनिया सिटी लॉजचा पहिला मास्टर झाला आणि गावाचा महापौरही.

इथून लोकप्रिय इतिहास सरळ रेघ ओढतो: मेसन म्हणजेच दक्षता समिती. ही रेघ जरा जपून ओढावी. समितीत मेसन बरेच होते, पुढारी होते, हे खरे; सगळे सभासद मेसन होते किंवा लॉजमध्ये बसून फाशीच्या याद्या झाल्या याला पुरावा नाही. मात्र गुप्तता, शपथ, खुणेचे शब्द, वरिष्ठांची आज्ञा हे सारे कसे चालवायचे याची सवय असलेली माणसे गावात आयती होती. विश्वासाचे जाळे बेलच्या अंत्ययात्रेत उघड झाले होते. त्याने प्रेत सन्मानाने पुरता येते, तसा फासही आवळता येतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एरॅस्टस येगर या पकडलेल्या माणसाने टोळीच्या नावांची यादी सांगितली, म्होरक्या म्हणून प्लमरचे नाव घेतले, आणि मग त्यालाच फाशी दिली. १० जानेवारी १८६४ला, रविवारी रात्री, प्लमर आणि त्याचे दोन सहकारी बक स्टिन्सन आणि नेड रे यांना बॅनकच्या टेकाडाकडे नेऊन प्लमरनेच उभारलेल्या खांबाला लटकवले. खटला नाही, साक्ष नाही. पुढचा दिवस आणखी वाईट. होजे पिझँथिया नावाच्या मेक्सिकन माणसाची चौकशी करायला गेलेल्यांवर खोपीतून गोळीबार झाला, एक जण मेला; तर जमावाने लहान तोफ आणून खोपी फोडली, जखमी पिझँथियाला टांगले, गोळ्यांनी चाळण केली आणि जाळले. तो टोळीत होता असे कधी कुणी दाखवून दिले नाही. सहा आठवड्यांत वीसेक माणसे फासावर गेली. मार्चमध्ये जॅक स्लेडला मारले, ज्याच्यावर त्या मुलखात खुनाचा आरोपही नव्हता. दारू पिऊन दंगा करणे आणि कोर्टाचा हुकूम फाडणे एवढाच गुन्हा.

ही कथा सांगितली कुणी, हेही बघायला हवे. व्हर्जिनिया सिटीच्या मोंटाना पोस्ट या वृत्तपत्राचा संपादक, इंग्लंडहून आलेला शिक्षक थॉमस डिम्सडेल याने १८६६त व्हिजिलंटींवर पुस्तक काढले. मोंटानात छापलेले ते पहिले पुस्तक. टोळीने १०२ खून केले असा त्याचा आकडा. नावानिशी दाखवता येणारे खून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. दुसरे मोठे पुस्तक १८९०चे, लँगफर्डचे. तो नोव्हेंबर १८६३मध्येच सॉल्ट लेककडे निघाला होता, म्हणजे प्लमरच्या फाशीची हकिगत त्याने इतरांकडून ऐकून लिहिली; शिवाय तो स्वतः १८६९त मोंटानाच्या मेसनांचा ग्रँड मास्टर झालेला. बेलच्या अंत्ययात्रेपासून गावात सज्जनांची फळी उभी राहिली, हे त्याचे प्रतिपादन. जिंकलेल्यांनी लिहिलेला इतिहास असाच असतो, पण इथे जिंकलेले लोक हिशेब आणि नोंदी उत्तम ठेवणारे होते, म्हणून तो अधिक पटतो.

या मंडळींच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. जानेवारी १८६६मध्ये व्हर्जिनिया सिटीत मोंटानाचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले. १८७०त यलोस्टोनच्या गरम झऱ्यांचा शोध घ्यायला गेलेल्या वॉशबर्न मोहिमेत लँगफर्ड होता आणि हेलेनाचा वकील कॉर्नेलियस हेजेस होता. हेजेसही पुढे ग्रँड मास्टर आणि नंतर वर्षानुवर्षे ग्रँड सेक्रेटरी. दोघांनी लेख लिहिले, लँगफर्डने व्याख्याने दिली, १८७२त जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि त्याचा पहिला अधीक्षक लँगफर्डच. सँडर्स मोंटानाच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक. हाउझर टेरिटरीचा गव्हर्नर.

पण पत बरोबर घेऊन फिरण्याची सोय सगळ्यांना नव्हती. १८७०च्या जनगणनेत मोंटानाच्या २०,५९५ लोकांत १,९४९ चिनी होते, म्हणजे दर दहांत जवळपास एक. गोऱ्यांनी टाकून दिलेली रेती पुन्हा धुऊन ते सोने काढत. लॉजचे दार त्यांना बंद, तेव्हा त्यांनी आपल्या गुप्त बंधुसंघटना उभारल्या, चिनी देवळांभोवती त्यांचे व्यवहार चालत; आणि गंमत अशी की अमेरिकेच्या पश्चिमेत या संघटनांना लोक ‘चिनी फ्रीमेसन’च म्हणत. कृष्णवर्णीयांनी प्रिन्स हॉल या बोस्टनच्या गृहस्थाच्या पुढाकाराने अठराव्या शतकातच वेगळी लॉज काढली होती, लंडनकडून १७८४त सनदही मिळवली होती. गोऱ्या ग्रँड लॉजांनी त्यांना मान्यता द्यायला दोनशे वर्षे घेतली. मुंबईची हकिगत इथे आठवतेच. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत आणि इंग्लंडमध्ये प्रवेश नाकारला गेला, तेव्हा ते पॅरिसच्या लॉजमध्ये दाखल होऊन परतले. आणि १८४३त डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत काढले. म्हणजे बॅनकमध्ये बेलला पुरले त्याच्या एकोणीस वर्षे आधी मुंबईत गोरे आणि पारशी लॉजमध्ये एकत्र बसत होते. मोंटानाच्या मेसनांना आपल्या गल्चमधल्या चिनी माणसांबाबत एवढेही सुचले नाही.

बॅनकला स्वतःचे लॉज मिळाले ते सोन्याचा पहिला बहर ओसरल्यावर, क्रमांक १६. मोंटाना टेरिटरीच्या राजधानीचा बॅनकचा मान १८६५तच व्हर्जिनिया सिटीकडे गेला होता. तरी १८७४त मेसनांनी लाकडी फळ्यांची दुमजली इमारत उभारली: वरच्या मजल्यावर लॉज, खालचा मजला गावच्या शाळेला. ही वाटणी कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगून जाते. धावपळीतले लोक शाळा बांधत नाहीत. शाळा बांधली जाते ती बायकामुले येऊन राहिल्यावर. त्याच सुमारास, १८७५त, विटांचे भक्कम कोर्ट बांधले गेले. सहा वर्षांत जिल्ह्याचे ठिकाण डिलनला गेले आणि कोर्टाची इमारत ओस पडली. १८९०च्या सुमारास तिचे हॉटेल मीड झाले. इमारती माणसांपेक्षा मागे राहतात, हे खाणगावांचे नेहमीचेच.

सोने मात्र लगेच संपले नाही, ते काढायचे तंत्र बदलत गेले. आधी घमेली आणि लाकडी पन्हाळी, मग लांबून कालवे काढून आणलेल्या पाण्याच्या झोतांनी टेकड्या धुणे, आणि १८९५त ग्रासहॉपर खाडीत विजेवर चालणारी तरंगती ड्रेज, अमेरिकेतली पहिली यशस्वी. तिचे नाव फील्डिंग एल. ग्रेव्हज. बादल्यांच्या साखळीने ती खाडीचा तळ उपसून काढी आणि मागे दगडांचे ढीग टाकत जाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४२त, सरकारने युद्धाला अनावश्यक म्हणून सोन्याच्या खाणी बंद ठेवायचा हुकूम काढला आणि उरल्यासुरल्या गावाचा कणाच मोडला. पोस्ट त्याआधीच, १९३८त बंद झाले होते. लॉजच्या खालच्या मजल्यावरची शाळा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेटत राहिली. १९५४त गाव मोंटाना सरकारकडे गेले. आज तिथे राहणारे कुणी नाही, पाहायला येणारे हजारो. १७ जुलै २०१३च्या अचानक आलेल्या पुरात काही इमारतींची पडझड झाली, लॉज टिकले. मोंटानाचे मेसन वर्षातून एकदा तिथे बैठक भरवतात, आणि त्या ऐतिहासिक लॉजला त्यांनी क्रमांक दिला आहे ३-७-७७.

हा आकडा साधा नाही. १८७९त हेलेनात तो धमकी म्हणून भिंतींवर रंगवला गेला: गाव सोडा, नाही तर. अर्थ आजही भांडणाचा विषय. कुणी म्हणते थडग्याची मापे, तीन फूट, सात फूट, सत्याहत्तर इंच. मेसनांत प्रचलित असलेले गणित वेगळे: अंत्ययात्रेत ७६ जण, आणि बेल धरून ७७. मोंटानाच्या हायवे पोलिसांच्या खांद्यावरच्या पट्टीवर तो १९५६पासून आहे. विनाखटला फाशी देणाऱ्यांची खूण पोलिसांच्या गणवेशावर, यात अनेकांना काहीच खटकत नाही. काहींना फार खटकते.

प्लमरबाबतचे भांडण तर कोर्टातच गेले. १९८७त दोन संशोधक लेखिकांनी पुस्तक लिहून तो निर्दोष असण्याची शक्यता मांडली. ७ मे १९९३ला ट्विन ब्रिजेस इथे त्याच्यावर मरणोत्तर खटला भरवला गेला, साक्षीपुरावे झाले, बारा ज्युरींनी विचार केला. सहा म्हणाले दोषी, सहा म्हणाले नाही. मतभेदामुळे खटला रद्द झाला.